तळ्याआधी रस्ता होता



२०२७ साली महाडच्या लढ्याला शंभर वर्षे होतील. २० मार्चला चवदार तळ्याची शताब्दी, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाची. मंडप पडतील, रोषणाई होईल, पुढारी येतील, घोषणा होतील. शताब्दीला सरकारकडे काय मागायचे हा प्रश्न आपण आधीच सोडवून ठेवला पाहिजे. नाहीतर जे मिळेल त्यालाच आपली मागणी समजून टाळ्या वाजवायची वेळ येते. ही वेळ आपल्यावर आजवर किती वेळा आली ते ज्याने त्याने आठवावे.

आम्ही शिवडीची काही पोरे-पोरी या प्रश्नावर बरेच दिवस वाद घालत आहोत. आमच्यातल्या बहुतेकांचे गाव महाड, मंडणगड, पोलादपूर, दापोली, खेड यांपैकी कुठल्या तरी तालुक्यात. आजोबा-पणजोबा गोदीत, गिरणीत, महापालिकेच्या सफाई खात्यात लागले आणि शिवडी-नायगाव-परळच्या चाळींत राहिले. वाद घालून आम्ही ज्या मागणीपाशी पोहोचलो ती ऐकायला फार लहान वाटेल. आम्हाला रस्ता मागायचा आहे. मुख्य गावापासून बौद्धवाडीपर्यंतचा, शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा रस्ता. आणि तो मागण्याआधी दासगाव ते महाड हे पाच मैल आपण सगळ्यांनी पायी चालावे, असे आमचे म्हणणे आहे.

शंभर वर्षांच्या लढ्याला फक्त अर्धा किलोमीटर? हा प्रश्न आमच्यातही आला. त्याचे उत्तर १९२७ सालातच आहे.

महाडचा लढा पाण्याचा म्हणून शिकवला जातो, आणि त्यात चूक काही नाही. पण पाण्यापर्यंत माणूस रस्त्यानेच जातो. त्या वर्षाचा इतिहास नीट वाचला तर पानोपानी रस्ता दिसतो. मार्चच्या परिषदेसाठी रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून माणसे जागी केली. पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत लोक खांद्यावर भाकरी बांधून आले, काही तर शंभर मैलांवरून. २० मार्चला हीच माणसे चार-चारच्या रांगेत महाडच्या रस्त्यांवरून तळ्याकडे गेली. अस्पृश्य माणसाने गावाच्या मधल्या रस्त्यातून, कडेने न सरकता, रांग धरून, ताठ चालत जावे हेच आधी अनेकांच्या डोळ्यांत खुपले असणार. ओंजळ नंतरची.

मार कुठे बसला? मंडपात, हे आपल्याला माहीत आहे. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला, जेवणाची नासधूस झाली. पण तेवढ्यावर ते थांबले नाही. आजूबाजूच्या गावांत निरोप गेले की परिषदेहून परतणाऱ्यांना गाठा. त्यामुळे कित्येक जण घरी पोहोचण्याआधी वाटेतच मार खाऊन बसले. पाणी प्यायले तळ्यावर, शिक्षा झाली रस्त्यावर. हा तपशील भाषणांत क्वचितच येतो.

डिसेंबरचा सत्याग्रह तर रस्त्याचा नकाशा पुढे ठेवूनच आखलेला दिसतो. मुंबईहून महाडला जाण्याची नेहमीची जवळची वाट धरमतरवरून होती. धरमतरला उतरायचे आणि पुढे मोटारीने महाड गाठायचे. पण मोटारमालकांनी सत्याग्रहींना गाडीत घेतले नाही तर? तर एवढी माणसे वाटेतच अडकणार. म्हणून लांबची वाट धरली. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब दोनशेच्या आसपास प्रतिनिधींसह ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले, हरिहरेश्वरला आले आणि तिथून सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरले. दासगाव का? कारण तिथून महाड फक्त पाच मैल. मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तरी माणूस पायाने पोहोचेल.

यात केवढा हिशेब आहे तो पाहा. गाडी त्यांची, धंदा त्यांचा, पंप त्यांचा. पाय मात्र आपले. ज्या अंतरावर आपल्याला कुणाची मेहेरबानी लागणार नाही तेवढेच अंतर बाबासाहेबांनी शिल्लक ठेवले.

बाबासाहेब स्वतः हे पाच मैल चालले असे आपल्याकडे काही वक्ते ठोकून देतात. तसे नाही. दासगावला उतरताच कलेक्टरचे भेटीचे बोलावणे हातात पडले, म्हणून ते मोटारीने पुढे महाडला गेले. चालले ते बाकीचे सत्याग्रही, दासगावला आधीपासून वाट पाहत थांबलेले आणि बोटीतून आलेले. गाणी म्हणत, घोषणा देत. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी चालले असेल तर ते त्या रांगेत होते, मोटारीत नव्हते. म्हणून आम्हाला हा रस्ता जास्त जवळचा वाटतो. त्या काळी कोकणातले रस्ते खडीचे आणि मातीचे. एका बाजूला सावित्रीचे खोरे, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधून धूळ उडवत जाणारी माणसे. आज तो सगळा पट्टा मुंबई-गोवा महामार्गात गेला आहे. दासगावजवळून सतत गाड्या जातात आणि त्यातल्या कुणालाही इथून काय चालत गेले याचा पत्ता नसतो.

अमेरिकेत काळ्या माणसांनी मतदानाच्या हक्कासाठी मार्च १९६५ मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी असा ५४ मैलांचा मोर्चा काढला. तिथल्या सरकारने १९९६ साली त्या रस्त्यालाच राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग म्हणून मान्यता दिली. त्यांच्या ३८ वर्षे आधी आपले लोक पाच मैल चालले. केरळात वैकोमचा सत्याग्रह १९२४ ला सुरू झाला तो तर सरळसरळ रस्त्यासाठीच होता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून अवर्णांना चालू द्यावे यासाठी. वीस महिने लढून चारपैकी तीन बाजूंचे रस्ते खुले झाले आणि पूर्वेचा बंदच राहिला. एक बाजू राखून ठेवायची, ही सवय जुनी आहे.

बाबासाहेबांच्या आयुष्यातही रस्ता सारखा आडवा आलेला आहे. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेली ती पोरे आठवा. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी कामावर खजिनदार. पोरे महार आहेत हे कळल्यावर गाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली तीही या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान खाली चालणार. रात्र झाली टोलनाक्याच्या झोपडीशी, आणि जवळ डबाभर अन्न असून पाणी न मिळाल्याने ती उपाशी झोपली. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी महार माणसाला बसवून टांगा हाकायला नकार दिला. टांगा भाड्याने दिला, हाकणारा दिला नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता त्या आपल्याच माणसाने लगाम धरला आणि पुलाजवळ अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. तेव्हा ते बॅरिस्टर होते, विधिमंडळाचे सदस्य होते, सरकारी समितीच्या कामावर होते. रस्ता तरीही त्यांचा नव्हता.

रस्ता आपला नव्हता, पण रस्त्याचे काम आपलेच होते. महार वतनाची कामे आठवून पाहा. सरकारी माणूस आला की त्याला वाट दाखवायची, त्याचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवायचे, निरोप घेऊन रात्री-बेरात्री पळायचे, सरकारी भरणा तालुक्याला नेणाऱ्याबरोबर राखणीला जायचे, वेशीची आणि वाटेची झाडलोट करायची. गावात सगळ्यात जास्त चालणारा माणूस महार, आणि चालायचा हक्क नसलेला माणूसही तोच. १९५८ च्या कायद्याने वतने गेली. पुढे १९७२ चा दुष्काळ आला, आणि खडी फोडायला, मुरूम टाकायला, मातीच्या पाट्या उचलायला रांगेत कोण होते? भूमिहीन. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, १९७९ पासून लागू झाला. महाराष्ट्रातले कितीतरी कच्चे रस्ते त्या हातांनी झाले आहेत. आमच्यातल्या एकीची आजी सांगते, आम्ही रस्ता केला तो दुसऱ्यांच्या दारावरून गेला.

म्हणूनच संविधानाचे कलम १५ पुन्हा वाचायला हवे. त्याच्या दुसऱ्या उपकलमात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्या शेजारी, त्याच ओळीत, ‘रस्ते’ हा शब्द आहे. सरकारी पैशातून राखलेल्या रस्त्याच्या वापरावर जातीवरून कुठलीही अट घालता येणार नाही. अॅट्रॉसिटी कायद्यातही रस्त्याची, वहिवाटीच्या वाटेची अडवणूक हा गुन्हा आहे. म्हणजे तळे आणि रस्ता यांचे नाते संविधानाने एका ओळीत बांधले. आपण तळे लक्षात ठेवले, रस्ता विसरलो.

समोरच्यांनी मात्र तो विसरलेला नाही. असलेल्या रस्त्यावर बंदी घालता येत नाही हे कळल्यावर उपाय सोपा निघाला: रस्ता करायचाच नाही. नसलेल्या रस्त्यावर कलम १५ कसे लावणार? बंदीचा गुन्हा दाखल होतो. निधी उपलब्ध नाही, जागेची संमती नाही, लोकसंख्या बसत नाही, याचा गुन्हा कुठल्या पोलीस ठाण्यात नोंदवायचा?

आता आमच्या दारातले बोलू. शिवडीतून समुद्रावर जो पूल निघाला तो १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. खर्च १७ हजार ८४० कोटींहून जास्त. पूल जिथे उतरतो तो रायगड जिल्हा, म्हणजे १९२७ चा कुलाबा जिल्हा, महाडचा जिल्हा. नकाशावर पाहिले तर शिवडी आणि महाड यांच्यात आता समुद्र राहिलेला नाही. पण पुलाचे नियम वाचा. मोटारसायकल नाही, रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, बैलगाडी नाही. मोटार असेल तर या, एका फेरीचे २५० रुपये ठेवा. आमच्यातले बहुतेक जण २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडला जातात ते मोटारसायकलवर, एसटीने किंवा दहा जणांत मिळून केलेल्या टेम्पोने. पूल सुरू होतो आमच्या चाळींच्या उशाशी आणि आम्ही वाशी-पनवेलचा वळसा घेऊन जातो. सुरक्षेचे कारण देतात, ते खरेही असेल. समुद्रावरच्या वाऱ्यात दुचाकी धोक्याची. पण एवढ्या पैशात दुचाकीला आडोसा बसत नव्हता, असे आम्हाला कुणी पटवून देऊ नये.

आणि ज्यांच्या उशाशी तो सुरू होतो त्या चाळींचे काय? बीडीडीच्या २०७ चाळींपैकी शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, म्हणून वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गाच्या पुनर्विकासात त्या आल्या नाहीत. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे. इथे एवढेच, की जमीन कुणाची, हा प्रश्न रस्त्याला आणि घराला सारखाच आडवा येतो.

पुलावरून पलीकडे गेलेला पैसा सावित्रीच्या खोऱ्यात पोहोचेपर्यंत किती उरतो? मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. तिथून मंडणगड, म्हाप्रळ आणि पुढे सावित्रीच्या काठाकाठाने महाडजवळ राजेवाडी फाट्याला येणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित झाला. कल्पना चांगली होती. बाबासाहेबांचे गाव आणि बाबासाहेबांचा लढा एका रस्त्याने जोडायचा. फलक लागले, भाषणे झाली. काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. उन्हाळ्यात धुरळा, पावसात चिखल, खणून ठेवलेले डोंगर खाली येणारे. नाव राष्ट्रीय महामार्ग, आणि एसटीतला माणूस पुढच्या सीटचा दांडा धरून बसलेला. या राजेवाडी फाट्याजवळच २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळचा पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्यानंतर नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये उभा राहिला. सरकारला करायचे असते तेव्हा होते, याचा हा पुरावा. त्याच खोऱ्यातला दुसरा रस्ता मग का रेंगाळतो?

तरीही आमचे भांडण त्या महामार्गासाठी नाही. तो होईल. त्यावर हॉटेलवाल्यांचे, खाणवाल्यांचे आणि किनाऱ्यावर प्लॉट घेणाऱ्यांचे लक्ष आहे, म्हणून होईल. आमचे भांडण त्या महामार्गावरून खाली उतरणाऱ्या पायवाटेसाठी आहे.

कोकणातले गाव म्हणजे एक पुंजका नसतो, विखुरलेल्या वाड्या असतात. मुख्य वाडीपर्यंत डांबर येते. मग एक वळण, एक पऱ्या, थोडा चढ, आणि त्यापलीकडे बौद्धवाडी. तिथे काय मिळते? पाखाडी. दगडाच्या किंवा सिमेंटच्या पायऱ्या. फार पाठपुरावा केला तर पऱ्यावर साकव. आमदार निधीतून पाखाडी, समाजकल्याणच्या निधीतून पाखाडी, नारळ फुटतो, फोटो निघतो. पाखाडीवरून माणूस चालतो, शेळी चालते. रुग्णवाहिका चालत नाही. मुंबईहून मयत नेली की गाडी मुख्य वाडीपाशी थांबते आणि तिथून खांदा. बाळंतीण खुर्चीला बांबू बांधून खाली आणायची. पाखाडी हा आपल्याला दिलेला रस्ता नाही, रस्ता न देण्याची ती सरकारमान्य पद्धत आहे. हे वाक्य काहींना कडू लागेल, कारण आपल्याच मुंबई मंडळांनी वर्गणी काढून या पाखाड्या बांधल्या आहेत. वर्गणी काढणाऱ्यांचे कष्ट खरे आहेत. पण जे काम करातून व्हायला हवे ते गोदीतल्या हमालाच्या वर्गणीतून झाले, याचा अभिमान धरायचा की राग, हे ठरवायला हवे.

आता नियम बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. तारीख वाचून आम्ही चमकलो. अर्थात ती तारीख मनुस्मृती दहनासाठी निवडली नव्हती, तत्कालीन पंतप्रधानांच्या वाढदिवसाची ती होती. शिवडीच्या पुलालाही नाव त्यांचेच. असो. या योजनेत गाव नव्हे, वस्ती हा घटक धरला. कागदावर ही फार मोठी गोष्ट. वस्ती मोजली म्हणजे बौद्धवाडी मोजली, असे कुणालाही वाटेल. पण दोन चाळण्या लावल्या. पहिली लोकसंख्येची: साधारण ५००, आणि डोंगरी राज्यांत, आदिवासी व वाळवंटी भागांत २५०. महाराष्ट्र डोंगरी राज्यांच्या यादीत नाही, कोकणातला माणूस कितीही डोंगर चढत असला तरी. वीस-पंचवीस घरांची बौद्धवाडी, अर्धी घरे कुलूप लावून मुंबईला, पाचशे माणसे कुठून आणायची? दुसरी चाळणी अंतराची: बारमाही रस्ता किंवा रस्त्याने जोडलेली वस्ती ५०० मीटरच्या आत असेल, तर ही वस्ती ‘जोडलेली’च समजायची.

हे पाचशे मीटर पुन्हा वाचा. गावकुसाबाहेरची वस्ती गावापासून किती लांब असते? विटाळ होणार नाही इतकी लांब आणि हाक मारली की कामाला येईल इतकी जवळ. ते अंतर मनूच्या लोकांनी ठरवले होते. योजनेच्या अधिकाऱ्याने जात मनात धरून नियम लिहिला असे आम्ही म्हणत नाही. बहुधा त्याने काटकसर मनात धरली असेल. पण जातीने आखलेल्या भूगोलावर जातीचा विचार न करता फूटपट्टी ठेवली की माप जातीचेच निघते. योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, २५ हजार वस्त्या आणि ७० हजार १२५ कोटी. पाचशे लोकसंख्येची अट तिथेही आहेच.

निधी मिळाला तरी पुढची भिंत जमिनीची. मुख्य वाडी आणि बौद्धवाडी यांच्या मधली जमीन कुणाची? खोताची, पाटलाची, भावकीत वाटली गेलेली, एकाच सातबारावर तीस नावे असलेली. रस्त्यासाठी संमती हवी. ग्रामपंचायत म्हणते, तुम्ही संमतीपत्रे आणा, आम्ही ठराव करतो. ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्याला वाटेत गाठून मारले त्यांच्या नातवंडांच्या दारात आपण स्टँपपेपर घेऊन उभे राहायचे. काही जण देतात, हे सांगायलाच हवे. आमच्या ओळखीच्या एका वाडीला एका कुणबी म्हातारीने आंब्याचे झाड तोडायला लावून वाट दिली आणि मोबदला घेतला नाही. पण हक्क म्हातारीच्या चांगुलपणावर उभा राहू शकत नाही. धरणाला, महामार्गाला, विमानतळाला जमीन घेताना सरकार संमतीची वाट बघत नाही. बौद्धवाडीच्या तीन मीटर रुंदीसाठीच भूसंपादनाचा कायदा सरकारला आठवत नाही.

आमच्यातल्याच एका मित्राने या सगळ्यावर थंड पाणी ओतले. म्हणाला, बाबासाहेबांनी खेडी सोडा म्हणून सांगितले, ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याचे वाभाडे काढले, आणि तुम्ही खेड्याला रस्ता मागता? आक्षेप वजनदार आहे. आम्ही त्यावर दोन संध्याकाळी घालवल्या. आमचे उत्तर असे, की खेडे सोडायलाही रस्ता लागतो. ज्या वाडीतून एसटीच्या थांब्यापर्यंत वाट होती त्या वाडीतली पोरे शिकली, मुंबईला आली, शिवडीत राहिली आणि आज हा वाद घालत आहेत. जिथे वाट नव्हती तिथल्या मुलींची शाळा सातवीनंतर सुटली, कारण हायस्कूल पऱ्यापलीकडे आणि पऱ्या जून ते सप्टेंबर भरलेला. बाबासाहेबांना खेड्याची अंधारकोठडी मोडायची होती. त्या कोठडीत मागे राहिलेल्यांची कडी बाहेरून लावून आपण निघून जावे, असे त्यांनी कुठे सांगितले?

दुसरा आक्षेप आमच्या गावाकडच्या वडीलधाऱ्यांचा, आणि त्याचे पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही. ते म्हणतात, रस्ता आला की जमीन जाते. दापोली-मंडणगडच्या बाजूला रस्ता झाला आणि मागून दलाल आले. आपल्या माणसाकडे चार-दोन गुंठे, पोरीचे लग्न किंवा दवाखाना आला की विकले, आणि तिथे फार्महाऊसचे कुंपण. कुंपणाने जुनी पायवाटही गिळली. हे घडते. म्हणून रस्ता मागताना त्याची नोंद आधी, डांबर नंतर, असा क्रम ठेवला पाहिजे. ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये रस्त्यांची नोंदवही असते. आपल्या वाडीची वाट त्यात लांबी-रुंदीसह चढली आहे का, हे पाहायला माहितीचा अधिकार पुरतो. वहिवाटीचा असलेला रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, वकिलाशिवाय. शेताकडे जायला बांधावरून वाट हवी तर महसूल संहितेचे कलम १४३ आहे. ही कलमे गावातल्या प्रत्येक वाळूवाल्याला तोंडपाठ असतात. आपल्या कार्यकर्त्यांना का नसावीत?

तिसरा आक्षेप सोशल मीडियावरचा: अत्याचार, आरक्षण, खासगीकरण एवढे मोठे प्रश्न असताना पायवाटेवर काय बोलता? अत्याचाराची बातमी आली की पोलीस वस्तीत पोहोचायला किती वेळ लागला हे आपण विचारतो ना? मग कशावरून पोहोचायचे होते तेही विचारू. दोन्ही लढे त्याच वाटेवर आहेत.

तेव्हा शताब्दीसाठी आमची मागणी अशी. बौद्धवाडी, आदिवासी वाडी, धनगरवाडा यांना लोकसंख्येची आणि पाचशे मीटरची चाळणी लावू नये. शेवटच्या घरापर्यंत रुग्णवाहिका जाते का, हीच एक कसोटी ठेवावी. मधली जमीन सरकारने मोबदला देऊन स्वतः घ्यावी. दासगाव ते महाड या पट्ट्यात महामार्गाच्या कडेने पायी चालण्याची सुरक्षित वाट आणि माहितीचे फलक असावेत, म्हणजे गाडीतून जाणाऱ्या शाळकरी पोरालाही कळेल. आंबडवे महामार्गाच्या प्रत्येक फाट्यावरून आत कुठली वाडी आहे आणि तिचा रस्ता कुठल्या अवस्थेत आहे, याची यादी सरकारने जाहीर करावी. आणि सरकार करो न करो, ती यादी आपण करू.

यासाठी आम्ही या २५ डिसेंबरला दासगावहून चालत निघणार आहोत. बॅनरवर कुणा नेत्याचा फोटो नसेल, आमचाही नाही. येणाऱ्याने आपल्या वाडीच्या रस्त्याची एक पानभर माहिती लिहून आणावी: मुख्य रस्त्यापासून अंतर, मध्ये पऱ्या किती, साकव आहे का, नमुना २३ ला नोंद आहे का, जमीन कुणाच्या नावावर, याआधी कधी आणि कुणाकडे अर्ज केला. अर्जाची पोच असेल तर तिची झेरॉक्स जोडावी, मूळ प्रत कुणालाही देऊ नये. ज्यांना चालणे जमणार नाही त्यांच्यासाठी मागे एक टेम्पो असेल. महामार्गावर वाहने वेगाने येतात, म्हणून उजवी कड धरून, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, एकेरी रांगेत चालायचे आहे. पाण्याची बाटली प्रत्येकाने आपापली आणावी. शिवडीहून टेम्पो आदल्या रात्री अकराला नाक्यावरून सुटेल, वर्गणी माणशी ठरवून कळवू.